लीडपासून चावीपर्यंत : बंगळुरूच्या मोटार-शोरूममधली इंटरनेट सेल्सची नोकरी

एप्रिल २०२० च्या पूर्ण महिन्यात मारुती सुझुकीने देशांतर्गत बाजारात एकही गाडी विकली नाही. टाळेबंदी होती, कारखाने थंड होते, शोरूमची शटर्स खाली होती. त्याच दिवसांत ह्युंदाईने जानेवारीपासून दिल्ली परिसरात चाचणीवर असलेली ‘क्लिक टू बाय’ ही सोय देशभर नेली. टाटा मोटर्सने ‘क्लिक टू ड्राइव्ह’ आणलं आणि मे महिन्यात महिंद्राने ‘ओन-ऑनलाइन’ सुरू केलं. घरबसल्या गाडी निवडा, कर्जाचा अर्ज भरा, बुकिंग करा, गाडी दारात येईल, असा या सगळ्यांचा वायदा होता.

टाळेबंदी उठली तरी गिऱ्हाइकाची ही सवय गेली नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये मारुतीने आकडे जाहीर केले. एप्रिल २०१९ पासून ऑनलाइन मार्गाने सुमारे २१ लाख चौकश्या आल्या होत्या आणि त्यांतून २ लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या होत्या. एकूण विक्रीतला या मार्गाचा वाटा २० टक्क्यांच्या घरात पोचला होता. नोकरी शोधणाऱ्याने हे आकडे सावकाश वाचावेत. ढोबळ मानाने दहा चौकश्यांमागे एक गाडी विकली जाते, आणि तो एक खरा खरेदीदार कोण हे कळण्यासाठी कोणाला तरी दहाही जणांशी बोलावं लागतं. ते बोलणारा माणूस म्हणजेच शोरूमच्या इंटरनेट सेल्स विभागातला कर्मचारी.

बंगळुरूत ही नोकरी ‘डिजिटल सेल्स एक्झिक्युटिव्ह’, ‘ऑनलाइन सेल्स कन्सल्टंट’, ‘सीआरई’ किंवा सरळ ‘टेलिकॉलर’ अशा वेगवेगळ्या नावांनी निघते. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यातून बी.कॉम., बीबीए किंवा ऑटोमोबाइल डिप्लोमा करून बंगळुरूला जाणाऱ्या मुलामुलींसमोर ती हमखास येते. सॉफ्टवेअर कंपनीचं दार उघडलं नाही म्हणून नाइलाजाने धरायची नोकरी, असं अनेक घरांत तिच्याकडे पाहिलं जातं. हे पाहणं बरोबर नाही. नीट निवडलेल्या शोरूममध्ये दोन-तीन वर्षं मन लावून केली, तर इतक्या कमी भांडवलात इतकं व्यवहारज्ञान देणाऱ्या नोकऱ्या फार नाहीत. मात्र ‘नीट निवडलेल्या’ या अटीवर सगळं अवलंबून आहे.

काम नेमकं काय असतं

चौकशीला या धंद्यात ‘लीड’ म्हणतात. ती अनेक वाटांनी येते: कंपनीच्या संकेतस्थळावरून, शोरूमने फेसबुक-इन्स्टाग्रामवर किंवा गूगलवर दिलेल्या जाहिरातीतून, कारवाले आणि कारदेखोसारख्या पोर्टलवरून, किंवा थेट व्हॉट्सॲपवर. मुंबईतून चालणारं कारवाले २००५ पासूनचं, जयपूरचं कारदेखो २००८ पासूनचं. गाड्यांची माहिती आणि तुलना लोकांना फुकट द्यायची, त्यांच्या चौकश्या विक्रेत्यांपर्यंत पोचवायच्या आणि विक्रेत्यांकडून व कंपन्यांकडून पैसे घ्यायचे, यावर असल्या पोर्टलचा मोठा व्यवसाय उभा आहे. म्हणजे कर्मचाऱ्याच्या स्क्रीनवर येणाऱ्या पुष्कळशा लीडमागे शोरूमचे पैसे आधीच गेलेले असतात.

लीड सीआरएममध्ये, म्हणजे शोरूमच्या ग्राहक-नोंदींच्या संगणकप्रणालीत, पडली की पहिलं काम म्हणजे फोन. कोणतं मॉडेल, पेट्रोल की डिझेल की सीएनजी की इलेक्ट्रिक, मॅन्युअल की ऑटोमॅटिक, जुनी गाडी एक्स्चेंजला द्यायची आहे का, कर्ज लागणार का, आणि मुख्य म्हणजे गाडी केव्हा हवी? उत्तरांवरून ती लीड ‘हॉट’, ‘वॉर्म’ किंवा ‘कोल्ड’ ठरते. पाठोपाठ कोटेशन जातं, टेस्ट ड्राइव्हची वेळ ठरते, फॉलो-अपची तारीख पडते. काही शोरूममध्ये गिऱ्हाईक टेस्ट ड्राइव्हला आलं की ते फ्लोअरवरच्या सेल्स कन्सल्टंटकडे सोपवलं जातं. काही ठिकाणी पहिल्या फोनपासून चावी हातात देईपर्यंत एकच माणूस सगळं पाहतो. वरवर किरकोळ वाटणारा हा फरक पगाराच्या दिवशी मोठा ठरतो. त्याकडे पुढे येऊच.

या कामात वेगाला किती किंमत आहे, यावर ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ने २०११ मध्ये एक अभ्यास छापला होता. जेम्स ओल्डरॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २,२४१ कंपन्या ऑनलाइन चौकशीला किती वेळात उत्तर देतात हे तपासलं. तासाभरात उत्तर देणाऱ्या ३७ टक्के होत्या, तर २३ टक्के कंपन्यांनी उत्तरच दिलं नाही. साडेबारा लाख लीड तपासल्यावर त्यांना असंही दिसलं, की तासाभरात संपर्क साधणाऱ्यांना कामाचं बोलणं होण्याची शक्यता त्यानंतर तासभर उशीर करणाऱ्यांपेक्षा जवळपास सातपट होती. हा अभ्यास फक्त मोटारींचा नव्हता, पण मोटारींना तो चपखल लागू पडतो. कारण एका पोर्टलवर नंबर टाकलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या पोर्टलवरही टाकतं, आणि बंगळुरूत एकाच कंपनीचे अनेक विक्रेते असतात. मारुतीसाठी कल्याणी, मांडवी, वरुण. टोयोटासाठी नंदी, रवींदु. ह्युंदाईसाठी अद्वैत, ट्रायडेंट. गाडी तीच आणि किंमतही जवळपास तीच, तेव्हा आधी फोन कोणी केला आणि खरी माहिती कोणी दिली, एवढ्यावर निवड होते.

ऑन-रोड किमतीची परीक्षा

खरी माहिती म्हणजे काय, हे ऑन-रोड किमतीत दिसतं. समजा, एचएसआर लेआउटमधल्या एखाद्या इंजिनिअरने रविवारी रात्री १२ लाख एक्स-शोरूम किमतीच्या पेट्रोल गाडीची चौकशी केली. अलीकडच्या वर्षांतल्या दरांनी कर्नाटकात १० ते २० लाखांच्या गाडीवर १७ टक्के आजीवन कर लागतो आणि त्या करावर ११ टक्के उपकर. दोन्ही मिळून २,२६,४४० रुपये होतात. महाराष्ट्रात याच गटातल्या वैयक्तिक पेट्रोल गाडीला १२ टक्के, म्हणजे १,४४,००० रुपये. फरक ८२ हजारांच्या वर. गाडी १० लाखांच्या पुढची असल्यामुळे १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर), म्हणजे १२,००० रुपये वेगळे. ते आयकर विवरणपत्रात वळते करून घेता येतात, हे बऱ्याच गिऱ्हाइकांना ठाऊक नसतं. त्यानंतर विमा, नोंदणी शुल्क, नंबरप्लेट, फास्टॅग आणि ॲक्सेसरीज येतात.

अर्ध्या माहितीचा कर्मचारी इथे एकच बेरीज पाठवतो. तयारीचा कर्मचारी प्रत्येक ओळ वेगळी दाखवतो आणि कोणती सक्तीची, कोणती ऐच्छिक, हेही सांगतो. विम्याचंच घ्या. विमा नियामकाने वाहन विक्रेत्यांसाठी २०१७ मध्ये आणलेल्या नियमांनुसार शोरूममधूनच विमा घ्या अशी सक्ती करता येत नाही. शोरूमच्या नफ्यात विम्याचा वाटा मोठा असल्यामुळे ही गोष्ट स्वतःहून सांगायला अनेकजण कचरतात. पण आधीच चार वेबसाइट चाळून बसलेल्या गिऱ्हाइकापासून ती लपत नाही. लपवलेली एक ओळ सापडली की मग बाकीच्या खऱ्या ओळींवरही त्याचा विश्वास बसत नाही.

बंगळुरूच्या या इंजिनिअरचा पुढचा प्रश्न बहुधा ‘बीएच’ नंबरचा असतो. केंद्राने सप्टेंबर २०२१ पासून लागू केलेली भारत मालिका सरकारी कर्मचाऱ्यांबरोबरच चार किंवा अधिक राज्यांत वा केंद्रशासित प्रदेशांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठीही आहे. तिच्यात कर एकरकमी न भरता दोन-दोन वर्षांचा भरता येतो. दर चार वर्षांनी बदली होणाऱ्या माणसाला ती सोयीची, इथेच घर घेतलेल्याला कदाचित नाही. पुण्याहून किंवा नागपूरहून बंगळुरूला आलेल्या मराठी कुटुंबाला हा फरक मराठीतून, कागदावर आकडे मांडून समजावणारा माणूस लागतो. असं बोलणं झालेलं गिऱ्हाईक सहसा दुसऱ्या शोरूमकडे वळत नाही.

हे शहर, हा बाजार

शोरूममध्ये जाण्याआधी मोबाइलवर चौकशी करणं बंगळुरूत इतक्या लवकर रुळलं, याला शहराची वाहतूकही कारणीभूत आहे. टॉमटॉमच्या २०२२ च्या वाहतूक निर्देशांकात बंगळुरूच्या मध्यभागी १० किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटं लागत होती आणि जगात ते दुसऱ्या क्रमांकाचं संथ शहर ठरलं होतं. व्हाइटफील्डहून तीन शोरूम पालथी घालायची म्हणजे अख्खा शनिवार गेला. म्हणून टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवली जाते, कोटेशन व्हॉट्सॲपवर मागितलं जातं, आणि शोरूमची पायरी बहुतेकदा निर्णय झाल्यावरच चढली जाते.

कामाचं वेळापत्रक इथल्या पंचांगावर चालतं. आषाढात कानडी कुटुंबं मोठी खरेदी टाळतात, पितृपक्षातही बाजार मंद असतो. श्रावणातल्या वरमहालक्ष्मीपासून हालचाल सुरू होते आणि नवरात्रात आयुधपूजेच्या सुमारास डिलिव्हरीची झुंबड उडते. मग दिवाळी, आणि पुढे उगादी व अक्षय्य तृतीया. शनिवार-रविवार सुट्टी नसते, ती आठवड्यात मधेच मिळते. महिन्याचे शेवटचे चार दिवस टार्गेटचे असतात. ज्याला सणावाराला घरी असणं महत्त्वाचं वाटतं, त्याने हे आधीच विचारात घ्यावं, कारण गावाकडे दसऱ्याचं सोनं लुटलं जात असेल तेव्हा हा कर्मचारी शोरूममध्ये नव्या गाडीपुढे कोहळा फोडणाऱ्या कुटुंबाचा फोटो काढत असेल.

मोटारींशी या शहराचं नातं फक्त विक्रीचं नाही. चेतन मैनी यांची ‘रेवा’ ही छोटी इलेक्ट्रिक गाडी २००१ मध्ये इथूनच रस्त्यावर आली आणि २०१० मध्ये महिंद्राने ती कंपनी घेतली. शहराबाहेर बिडदीला टोयोटा किर्लोस्कर मोटरचा कारखाना आहे. सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या उद्योगघराण्याने १९९७ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारी केली आणि २००० च्या सुरुवातीला पहिली ‘क्वालिस’ बाजारात आली. पण कारखाना जवळ असला म्हणून गाडी लगेच मिळते, असं नाही. एप्रिल २०२३ मध्ये टोयोटाने इनोव्हा हायक्रॉसच्या सर्वांत वरच्या प्रकारांचं बुकिंग पुरवठ्याअभावी थांबवलं. अशा वेळी इंटरनेट सेल्सच्या माणसाचं काम उलटं होतं. हवी ती गाडी देता येत नसलेल्या गिऱ्हाइकाला महिनोन्‌महिने धरून ठेवायचं, त्याला खोटी तारीख द्यायची नाही आणि दर पंधरा दिवसांनी स्वतःहून फोन करायचा. विक्रीचं खरं शिक्षण अशाच काळात होतं.

समोर माणूस नसण्याचा फायदा

जानेवारी २०२२ मध्ये बंगळुरूपासून सुमारे ७० किलोमीटरवरच्या तुमकूरला जे घडलं, ते देशभर गाजलं. पिकअप बघायला महिंद्राच्या शोरूममध्ये गेलेल्या एका शेतकऱ्याला तिथल्या विक्रेत्याने त्याच्या अवतारावरून, खिशात दहा रुपये तरी असतील का, असं हिणवलं. शेतकरी तासाभरात दहा लाख रुपये घेऊन परत आला. त्याचं चित्रीकरण सगळीकडे पसरलं, कंपनीने दिलगिरी व्यक्त केली, आनंद महिंद्रा यांनी माणसाच्या प्रतिष्ठेबद्दल जाहीरपणे लिहिलं.

कपड्यांवरून माणूस जोखण्याची सवय शोरूमच्या फ्लोअरवर जुनी आहे. इंटरनेटवरून आलेल्या लीडला कपडे नसतात, गाडी नसते, सोबत आलेले नातेवाईक नसतात. नाव, नंबर आणि प्रश्न एवढंच असतं. याचा परिणाम अमेरिकेत मोजला गेला आहे. कॅलिफोर्नियात १९९५ मध्ये ‘ऑटोबायटेल’ ही सेवा सुरू झाली. गिऱ्हाइकाची मागणी ती जवळच्या विक्रेत्याकडे पाठवायची, आणि अशा मागण्या हाताळण्यासाठी तिथल्या शोरूममध्ये वेगळे इंटरनेट सेल्स विभाग उभे राहत गेले. फियोना स्कॉट मॉर्टन, फ्लोरियन झेटलमायर आणि होर्हे सिल्वा-रिसो या अर्थशास्त्रज्ञांनी या व्यवहारांचा अभ्यास केला. या सेवेतून आलेल्या गिऱ्हाइकांना गाडी सुमारे २ टक्के स्वस्त पडत होती. शिवाय शोरूममध्ये आफ्रिकन-अमेरिकन आणि हिस्पॅनिक गिऱ्हाइकांना इतरांपेक्षा सुमारे २ टक्के जास्त मोजावे लागत. इंटरनेटमार्गे येणाऱ्यांमध्ये तो फरक जवळपास नाहीसा झाला.

तुमकूर आणि कॅलिफोर्निया यांच्यात समुद्र आहे, पण मुद्दा एकच आहे. या खुर्चीवर बसणाऱ्याला प्रत्येक चौकशीला सारख्या मानाने वागवण्याची संधी मिळते. मात्र फोनवरच्या उच्चारावरून किंवा पिनकोडवरून माणूस जोखण्याचा मोह इथेही असतोच. ‘मागडी रोडचा आहे, बघू नंतर’ असं म्हणून बाजूला टाकलेली लीड दुसऱ्या शोरूममध्ये बुकिंग होऊन जाते.

पगार आणि इन्सेंटिव्ह

शोरूममधल्या विक्रीच्या नोकरीत निश्चित पगार बेताचा असतो आणि उरलेली कमाई इन्सेंटिव्हवर. इन्सेंटिव्ह मिळतो तो ‘रिटेल’वर, म्हणजे गाडीचं बिल होऊन डिलिव्हरी झाल्यावर, बुकिंगवर नाही. त्याशिवाय कर्ज, विमा, वाढीव वॉरंटी, ॲक्सेसरीज आणि एक्स्चेंज यांचे वेगवेगळे टप्पे असतात.

मारुतीच्याच प्रमाणाने हिशेब मांडला तर महिन्याला दहा गाड्यांचं टार्गेट गाठायला शंभरेक लीड लागतील. कामाचे पंचवीस दिवस धरले तर दिवसाला चार नव्या लीड. चार फोन म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण प्रत्येक लीडला अनेक फॉलो-अप असतात, जुन्या लीड साठत जातात, आणि दुसऱ्या महिन्यापासून रोजच्या फोनची यादी लांबत जाते. कंटाळा न येता पाचवा फोन पहिल्याइतक्याच आपुलकीने करता येणं, हीच या कामाची पात्रता आहे.

आता आधी आलेला प्रश्न. लीड इंटरनेट सेल्सच्या मुलीने पिकवली, टेस्ट ड्राइव्ह फ्लोअरच्या कन्सल्टंटने दिली आणि सूट टीम लीडरने मंजूर केली, तर ‘केस’ कोणाच्या नावावर? चांगल्या शोरूममध्ये याचा लेखी नियम असतो. जिथे तो नसतो तिथे भांडणं होतात आणि त्यात फोनवर काम करणारी व्यक्ती हरते, कारण चावी देतानाच्या फोटोत ती नसते. अनेक गुणी मुलंमुली वर्षाच्या आत ही नोकरी सोडतात, त्यामागे बहुतेकदा हेच कारण असतं. हा अन्याय टाळणं शोरूमच्या मालकाच्या हातात आहे आणि त्याला फारसा खर्चही येत नाही.

सवलतीचा विषयही जपून हाताळायचा असतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २३ ऑगस्ट २०२१ रोजी मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. विक्रेत्यांनी ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सूट देऊ नये यासाठी कंपनी ‘डिस्काउंट कंट्रोल पॉलिसी’ राबवते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. प्रकरणाची सुरुवात महाराष्ट्रातल्या विक्रेत्यांसंबंधीच्या एका निनावी ईमेलने झाली होती. आदेशात म्हटल्याप्रमाणे गिऱ्हाइकाचं सोंग घेऊन येणारे ‘मिस्ट्री शॉपर’ शोरूममध्ये पाठवले जात आणि जास्त सूट दिल्याचं आढळलं तर दंड शोरूमबरोबरच सेल्स एक्झिक्युटिव्ह, टीम लीडर अशा व्यक्तींवरही बसे. कंपनीने या आदेशाविरुद्ध अपील केलं. नवख्याने यातून एवढं लक्षात ठेवावं, की फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर आपण दिलेला प्रत्येक आकडा लेखी पुरावा असतो. वरिष्ठाने तोंडी सांगितलेली सूट लेखी पाठवण्याआधी त्याची मंजुरीही लेखी घ्यावी.

धोके कुठे आहेत

पहिला धोका कंपनीचा. शोरूम कोणा स्थानिक मालकाचं असलं तरी त्याचं नशीब मोटार कंपनीशी बांधलेलं असतं. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात शेव्हरोलेची विक्री थांबवली. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा विक्रेत्यांची संघटना ‘फाडा’ने सांगितलं, की फोर्डच्या १७० विक्रेत्यांकडे ३९१ शोरूम आहेत आणि सुमारे ४० हजार माणसं कामाला आहेत. त्याआधी २०१९ च्या मंदीत, तीन महिन्यांत विक्रेत्यांकडच्या सुमारे २ लाख नोकऱ्या गेल्याचं याच संघटनेने म्हटलं होतं.

दुसरा धोका साठ्याचा. देशात २०२४-२५ या वर्षी ४३ लाखांच्या आसपास प्रवासी वाहनं कंपन्यांकडून विक्रेत्यांकडे गेली. पण कंपनीने गाडी पाठवली म्हणजे ती गिऱ्हाइकाने घेतली असं नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये विक्रेत्यांकडे ८० ते ८५ दिवसांचा साठा पडून असल्याचं ‘फाडा’ने जाहीर केलं होतं. एवढा साठा अंगावर असला की व्याज चढतं, मालक अस्वस्थ होतो आणि टार्गेटचा दाब थेट फोनवर बसलेल्या मुलांवर येतो. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हा चौकश्या पेलायला माणसं कमी पडावीत असे दिवस आले. ‘फाडा’ दर महिन्याला वाहन नोंदणीवर आधारित विक्रीचे आकडे प्रसिद्ध करते. या क्षेत्रात शिरणाऱ्याने ते वाचायची सवय लावून घ्यावी. आपल्या ब्रँडचं पुढे काय होणार याचा अंदाज तिथे लवकर येतो.

तिसरा धोका सर्वांत चर्चेतला आहे: कंपन्या थेट गिऱ्हाइकाला गाडी विकू लागल्या तर शोरूमच्या विक्रेत्याचं काय? मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात थेट विक्रीची पद्धत आणली. साठा कंपनीचा, किंमत कंपनीची; पूर्वीचे विक्रेते भागीदार म्हणून कमिशनवर. टेस्लाने २०२१ मध्ये भारतातली कंपनी बंगळुरूत नोंदवली, आणि जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात स्वतःचंच पहिलं केंद्र उघडलं.

या प्रश्नाचं सर्वांत बोलकं उत्तर मात्र बंगळुरूच्याच दोन दुचाकी कंपन्यांनी दिलं आहे. ओला इलेक्ट्रिकने जुलै २०२१ मध्ये ४९९ रुपयांत स्कूटरची नोंदणी सुरू केली आणि पहिल्या २४ तासांत एक लाख नोंदण्या झाल्या. सप्टेंबरमध्ये दोन दिवसांत ११०० कोटी रुपयांहून अधिक विक्री झाल्याचं कंपनीने सांगितलं. मध्ये शोरूम नव्हतं, सगळं मोबाइलवर. पण पुढच्याच वर्षी कंपनीला प्रत्यक्ष केंद्रं उघडावी लागली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिने ती ४,००० पर्यंत वाढवल्याचं जाहीर केलं. त्याआधी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरच्या दहा हजारांहून अधिक तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तिला नोटीस बजावली होती. त्यातल्या ९९ टक्क्यांहून अधिक तक्रारी सोडवल्याचं कंपनीचं म्हणणं होतं. एथरने २०१८ मध्ये इंदिरानगरमध्ये स्वतःचं अनुभव केंद्र उघडून सुरुवात केली आणि पुढचा विस्तार मुख्यतः विक्रेत्यांमार्फत केला. दोघांच्या वाटा वेगळ्या असल्या तरी बुकिंगनंतर गिऱ्हाइकाच्या हाकेला ओ देणारा माणूस दोघांनाही लागला.

मोटारींचंही तसंच आहे. जुलै २०२२ मध्ये महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनसाठी अर्ध्या तासाच्या आत एक लाख बुकिंग झाली. बुकिंग घेण्याचं काम तेवढ्यात संपलं. त्यानंतरच्या महिन्यांत मात्र त्या प्रत्येकाला ‘गाडी कधी?’ या प्रश्नाचं उत्तर, रंगातला बदल, कर्जाची मुदतवाढ, जुन्या गाडीचा भाव, हे सगळं कोणी तरी पुरवलं. चॅटबॉट पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देईल, किंमतही सांगेल. केवळ नंबर फिरवून ठरलेली वाक्यं वाचणाऱ्या टेलिकॉलरची जागा तो घेईल, हे मान्य करावं लागेल. पण सासऱ्यांना डिझेल हवी, बायकोला ऑटोमॅटिक हवी आणि बजेट दोन्हीच्या मधलं, असा घरातला पेच सोडवायला त्या घराचं बोलणं ऐकून घेणारा माणूसच लागतो.

भाषा, माहिती आणि सचोटी

बंगळुरूत विक्रीच्या कामाला कन्नड हवीच. इंग्रजी-हिंदीवर कॉल उचलता येतो, पण राजाजीनगर-बसवनगुडीतल्या कुटुंबाशी घरोबा कन्नडमध्येच होतो. फलकांवर ६० टक्के कन्नड असावी, अशी दुरुस्ती कर्नाटकाने २०२४ मध्ये कायद्यात केली. शहराची अपेक्षा त्यातून स्पष्ट दिसते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी मुलांना ही भाषा शाळेपासून कानावर असते. मराठी, कन्नड, हिंदी आणि कामापुरती इंग्रजी एवढं भांडवल असलेला उमेदवार या बाजारात दुर्मीळ आहे, आणि अशा मुलांनी मुलाखतीत संकोच न करता ते सांगावं. महाराष्ट्रातून थेट जाणाऱ्यांनी पहिल्या सहा महिन्यांत कामापुरती कन्नड शिकायचं मनावर घ्यावं.

दुसरी जबाबदारी गिऱ्हाइकाच्या माहितीची आहे. नाव, नंबर, पगार, पॅन, आधार हे सगळं या खुर्चीपुढून जातं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. नको असलेल्या व्यावसायिक फोनवर दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे २०१८ पासूनचे नियम आहेतच. नोकरी बदलताना लीडची यादी सोबत नेणं, ओळखीच्या विमा एजंटला नंबर देणं, हे आजवर ‘चालतं’ म्हणून खपलं. ते चूक होतंच, आता कायद्यानेही महागात पडेल.

आत शिरताना

या कामाला ठरावीक पदवी लागत नाही. ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिल ही २०११ मध्ये स्थापन झालेली संस्था मोटार-विक्रीच्या कामांसाठीही अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्रं ठरवते. ती उपयोगी आहेत, पण त्यांच्यावाचून अडत नाही. पुढच्या वाटाही अनेक आहेत: टीम लीडर, सीआरएम प्रमुख, सेल्स मॅनेजर, नाहीतर मोटार कंपनीचं विभागीय कार्यालय, कर्ज देणारी बँक, विमा कंपनी, कारवाले-कारदेखोसारखी पोर्टलं किंवा स्पिनी, कार्स२४ यांसारख्या जुन्या गाड्यांच्या कंपन्या. लँडमार्क कार्स डिसेंबर २०२२ मध्ये आणि केरळची पॉप्युलर व्हेइकल्स मार्च २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. एकेकाळी घरगुती मानल्या गेलेल्या या धंद्याचे हिशेब आता जाहीर होऊ लागले आहेत, आणि त्याबरोबर व्यावसायिक व्यवस्थापनाच्या जागाही वाढतील.

मुलाखतीत उमेदवाराने पाच गोष्टी विचाराव्यात. महिन्याला माणशी किती लीड मिळतात आणि त्या कोणकोणत्या वाटेने येतात? लीडचं श्रेय कोणाला, याचा लेखी नियम आहे का? इन्सेंटिव्हचा तक्ता दाखवाल का आणि तो कोणत्या तारखेला मिळतो? बुकिंग रद्द झालं तर कापून घेता का? आणि मागच्या वर्षी या खुर्चीवर किती जण बसले? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं, तर तेही एक उत्तरच आहे.

त्यानंतर आणखी एक तपासणी उमेदवाराला स्वतः करता येते. रुजू होण्याआधी त्याच शोरूमकडे गिऱ्हाईक म्हणून ऑनलाइन चौकशी करावी आणि काय होतं ते पाहावं. फोन किती वेळात आला, कोटेशनमध्ये विमा आणि ॲक्सेसरीज वेगळ्या दाखवल्या का, ‘अजून महिनाभर घेणार नाही’ असं सांगितल्यावर समोरच्याचा सूर बदलला का, महिनाभराने फोन आला का? पैसे मोजून मिळवलेल्या लीडला जे शोरूम दोन दिवस उत्तर देत नाही, तिथल्या नव्या कर्मचाऱ्याला टार्गेट मिळेल, पण ते गाठण्याची साधनं मिळणार नाहीत. अशा ठिकाणी नेमणुकीचं पत्र हातात आलं, तरी दुसऱ्या शोरूमची मुलाखत देऊन यावी.